तिसऱ्या पिंजऱ्यातली बाई

परभणीच्या मटण मार्केटात नाकाला पदर न लावता शिरणारी आणि जन्मात कधी मटण न खाल्लेली अशी एकच बाई मी पाहिली. आमच्या कॉलेजातल्या महानंदा मॅडम. प्राणिशास्त्र शिकवायच्या. घर लिंगायताचं, गळ्यात इष्टलिंग, सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर आधी विचारणार, "अंडं हाय का त्यात?" असेल तर बशी माझ्याकडं सरकवणार. आणि हीच बाई प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पिशवीत स्टीलचा डबा घालून करीमचाचाच्या दुकानापुढं उभी राहणार.

"चाचा, दोन काळजं द्या. एक नराचं, एक मादीचं."

एकदा मी त्यांच्यासोबत होते. म्हणजे मार्केटच्या तोंडाशी, नाकाला पदर लावून. करीमचाचा हातातली सुरी खाली ठेवून म्हणाला, "बोकड के कित्ते भी लेव बाई. शेळी कौन काटता? दूध देती तब तक घर में रहती. बुड्ढी हुई तोच मेरेकन आती."

"म्हातारी तर म्हातारी. द्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन्ही काळजं, म्हणजे हृदयं, ट्रेमध्ये शेजारी शेजारी. पोरंपोरी वाकून बघायलेत. मॅडम म्हणायच्या, "हे बोकडाचं, तरणंताठं. हे शेळीचं, म्हातारं. लेकरांनो, ही तुलना खरी न्हाई, हे आधी वहीत लिवा. मादीचं काळीज आपल्या हाती येतं तेच झिजून गेल्यावर." दरवर्षी हेच वाक्य. पिंगळीहून रेल्वेनं येणाऱ्या पोरी गाडीत त्यांची नक्कल करायच्या आणि परीक्षेत मात्र न चुकता तेच लिहायच्या. पोरांनी त्यांचं नाव काळीजबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

या काळीजबाई काळजानंच गेल्या. गावात ज्यानं त्यानं हे वाक्य एवढ्यांदा म्हटलं की मला आता त्याचा राग येतो. जणू काही तो योगायोग होता, देवानं केलेली गंमत होती. त्यात गंमत काही नव्हती. मी शेजारी राहते, आमची भिंत एक आहे, आणि वीस-बावीस वर्षं मी एकाच स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्या कशा गेल्या ते मला ठाऊक आहे.

मी मराठी शिकवते. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेली बाई. मॅडम मला नावानं कधी हाक मारायच्याच नाहीत, "मराठीबाई" म्हणायच्या. "काय मराठीबाई, आज कुणाला रडवलंस?" असं विचारतच आत यायच्या. उंचीनं बेताच्या, चालणं घाईचं, आणि अंगावर साडी इतकी विसविशीत की बघणाऱ्यालाच पिन काढून द्यावीशी वाटे. नवऱ्याचं कापडाचं दुकान असून ही तऱ्हा. त्यांचे यजमान म्हणजे आप्पा. सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणतं. आप्पांच्या हातची घडी म्हणजे पट्टी लावून बघून घ्यावी. मॅडमनी वाळलेले कपडे घडी करून ठेवले की आप्पा मागून येऊन मुकाट्यानं सगळे उलगडायचे आणि पुन्हा घालायचे. मी म्हणायचे, "आप्पा, करू द्या की त्यांना." आप्पा म्हणायचे, "करू देतो की. फक्त दुरुस्त करतो. तुमच्या मॅडमला उंदराचं पोट शिवता येतं, पर टॉवेलाची घडी येत न्हाई." मॅडम तिकडून ओरडायच्या, "घडी मोडायसाठीच असते हो."

त्यांची एक खोड मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. कुणाचाही हात हातात आला की त्यांची बोटं आपोआप मनगटावर जाऊन नाडी शोधायची. संक्रांतीचं वाण देताना, निरोप घेताना, रडणाऱ्या पोरीची समजूत घालताना. समोरचीला वाटायचं, काय मायेनं हात धरलाय. माया होतीच, पण आत मोजणीही चाललेली असायची. मधेच म्हणायच्या, "चहा कमी कर गं." मलाही त्यांनी नाडी बघायला शिकवलं. मी पहिल्यांदा अंगठ्यानं दाबलं तर माझ्या हातावर चापट मारली. "अंगठा न्हाई. अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते. तुला तुझीच लागंल अन् तू म्हणशील पेशंट ठणठणीत हाय."

दुसरी खोड म्हणजे दिवसा आडवं व्हायचं नाही. ताप असू दे, पाठ धरू दे. उशीला टेकून बसतील, पण झोपणार नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, जरा पडा की, कुणी मारायलंय का तुमाला?" तर म्हणाल्या, "मराठीबाई, आमच्यात मेल्यावरही माणसाला बसवूनच मातीत ठेवतेत. आमाला झोपायची सवयच न्हाई." हे बोलून स्वतःच हसल्या आणि उरलेले पेपर तपासायला घेतले.

चाळिशीच्या अलीकडं त्यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय ऐकून प्राचार्यसुद्धा जरा खाकरले होते. नराच्या आणि मादीच्या काळजाच्या पेशींत तंतुकणिका वेगळ्या वागतात का, आणि काळजाला इजा झाली तर कोण जास्त तग धरतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पापड-कुरडया घालायचो तेव्हा ही बाई बाहेरगावच्या प्रयोगशाळेत उंदरांपाशी. सुट्टी संपून परत आल्या की संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या. आप्पाही खुर्ची ओढून यायचे.

"उंदराचं काळीज बाहेर काढून काचेच्या नळीला लावायचं. कोमट, खारट पाणी सोडायचं. ते एकटंच धडधडत राहतं गं. शरीर न्हाई, काही न्हाई, तरी चालू. मग नळी बंद करायची. जरा वेळानं पुन्हा सोडायची. आता सांग मराठीबाई, काळजाचं नुकसान कवा होतं? पाणी थांबल्यावर का परत आल्यावर?"

"थांबल्यावर."

"आप्पा, तुमी सांगा. पेडगावच्या विहिरीवरची मोटार कवा जळाली होती?"

आप्पा म्हणाले, "लाईट आल्यावर. भसकन आली अन् जळाली."

"हां. थांबल्यावर तर इजा होतेच, पर परत येताना जास्तीची होते. पेशीत त्या तंतुकणिका असतेत ना, त्या म्हणजे पेशीच्या चुली. बंद पडलेल्या चुलीत एकदम जाळ घातला की धूर होतो. त्या फुगतेत, फुटतेत, अन् पेशी मरते. आता गंमत ऐक. मादीच्या चुलीला धूर कमी. ती तेवढ्याच जाळावर जास्त वेळ दम धरते. नराची आधी फुटते."

आप्पा म्हणाले, "म्हणजे बायका चिवट. हे तर मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं. त्याला उंदीर कशाला मारायचे?"

त्यावर आम्ही खूप हसलो. मॅडमही हसल्या, पण नंतर म्हणाल्या, "तिथं तीन पिंजरे हायेत. पहिल्यात नर. दुसऱ्यात माद्या. तिसऱ्यातही माद्याच, पर त्यांची अंडाशयं काढलेली. त्या तिसऱ्या पिंजऱ्यातल्यांची काळजं नरासारखी फुटतेत. दिसायला मादी, पर आतली ढाल गेलेली." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आपल्याकडं घरोघरी गर्भपिशव्या काढायलेत बायका. अंडाशयं बी त्याच्यासोबत. त्यांना हे कोण सांगंल?"

हे त्यांना नुसतं बोलायचं नव्हतं. बोरी त्यांचं माहेर. तिथं त्यांची भावजय शोभा, तिशी ओलांडलेली. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, म्हणून डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितलेली आणि तारीखसुद्धा ठरलेली. मॅडमना कळलं तशा बसनं निघाल्या, मलाही ओढत नेलं. भाऊ ओसरीवर बसलेला. मॅडमनी पाणीही घेतलं नाही.

शोभाच म्हणाली, "वन्सं, दोन लेकरं झाली. पिशवी गेली की कटकट गेली. सोयाबीनच्या काढणीला तरी उभं राहता येईल."

"अन् त्याच्यासंगं अंडाशयं गेली की काळजाची ढाल गेली, ते सांगितलं का तुला कुणी?" मॅडमनी तिला तिन्ही पिंजरे सांगितले. धूर सांगितला, फुटणं सांगितलं.

शोभा ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "वन्सं, मी काय उंदीर हाय का?"

"उंदराचं तरी कुणीतरी बघायलंय बाई. आपलं कोण बघायलंय?"

 मग मॅडम भावाकडं वळल्या. "आधी औषधानं बघू. परभणीत माझ्या ओळखीची डॉक्टरीण हाय. गुण न्हाई आला तर तुझं तू ठरव, मी मधे येणार न्हाई." भाऊ कुरकुरला, पण तारीख मोडली. शोभाला औषधानं आराम पडला. त्या दिवसापासून बोरीच्या बायका मॅडम माहेरी आल्या की देवळात जमायच्या आणि मॅडम त्यांना काळीज सांगायच्या. "बाईच्याही छातीत दुखतं. पर कधी कधी ते छाती सोडून दाढेत जातं, पाठीत जातं, पित्त म्हणून येतं. अन् तवा बाई काय करते? ओवा खाते अन् भाकरी थापायला बसते. तसं करू नका. पट्टी काढा." पट्टी म्हणजे ईसीजी. आमच्याकडं तोच शब्द आहे, कागदाची पट्टी बाहेर येते म्हणून.

आणि ज्या बाईनं शोभाची पिशवी वाचवली, तिची स्वतःची त्यानंतर दोन-चार वर्षांतच गेली. गाठी झाल्या होत्या, रक्तस्राव थांबेना, अंगात रक्त उरलं नव्हतं. इलाजच नव्हता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरला विचारलं, "अंडाशयं ठेवता येतील का?" डॉक्टर चांगला माणूस होता, पण म्हणाला, "आता काय करायचीत मॅडम? लेकरं मोठी झालीत. तिथंही गाठ दिसायलीय, ठेवून जोखीम कशाला?" मॅडमनी सही केली. गुंगी उतरली तेव्हा उशाशी मीच होते. त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य विचारलं, "गेली का गं दोन्ही?"

मी म्हटलं, "गेली."

 त्यांनी माझा हात धरला, बोटं मनगटावर गेलीच, आणि म्हणाल्या, "आता मी तिसऱ्या पिंजऱ्यातली."

मला तेव्हा रडू आलं. त्या मात्र पुढं हेच वाक्य वापरून सगळ्यांची थट्टा करायच्या. जिना चढताना दम लागला की, "थांब गं, तिसऱ्या पिंजऱ्यातली बाई यायलीय." पीएचडी पूर्ण झाली, नावापुढं डॉक्टर लागलं, तेव्हा स्टाफनं पेढे मागितले. त्या म्हणाल्या, "पेढे उंदरांच्या नावानं खा." काळजी मात्र त्यांना आपल्या काळजाची होती, हे मला ठाऊक होतं. मोजून फिरायच्या, मीठ कमी केलं होतं, वर्षातून एकदा पट्टी काढायच्या. त्यांना भोळ्या किंवा बेफिकीर कुणी म्हणू नये, म्हणून हे सांगते.

मग आप्पांना झटका आला. दुकानात गिऱ्हाईकाला कापड मोजून देताना. हातातला मीटर खाली पडला आणि आप्पा गादीवर कलंडले. मॅडम तास चालू असताना खडूच्या हातानंच धावल्या. आप्पा वाचले. आणि त्या दिवसापासून घर फिरलं. घरात एकच काळीज राहिलं, आप्पांचं. तेल कुठलं, जिना किती, दुकानात किती वेळ, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत. मुलगा पुण्यात, त्याचा फोन आला तरी आधी आप्पांचा दिवस कसा गेला ते. आप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. धुवायला टाकताना काढायची, इस्त्री होऊन आला की परत घालायची. रोज सकाळी आप्पा दाराशी चप्पल घालायला लागले की मॅडम त्यांच्या खिशावर दोन बोटं टेकवून बघायच्या. आप्पा वैतागून म्हणायचे, "हाय, हाय. पोलीस तपासणी झाली का?"

मी एकदा विचारलं, "मॅडम, तुमच्या पर्समध्ये हाय का गोळी?"

"मला कशाला? मला अजून झटका आलेला न्हाई."

"तिसऱ्या पिंजऱ्याचं काय?"

"हो बाई, तेही खरंच." एवढंच बोलल्या आणि दुसरा विषय काढला. पुढं त्यांची वर्षाची पट्टी चुकायला लागली. आप्पांची तपासणी दर तीन महिन्यांनी न चुकता व्हायची, त्यांची राहून जायची. काळजी करायचं जेवढं बळ माणसाजवळ असतं ते सगळं एका दिशेनं वाहून गेलं होतं. आप्पांनी काही मागितलं नव्हतं. आप्पा बिचारे उलट म्हणायचे, "माझ्यामागं लागू नकोस, तुझं बघ." त्यांच्यावर मला कधी राग आला नाही. राग आला तो त्या घराच्या सवयीवर, आणि ती सवय माझ्याही घरात आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. भिंतीपलीकडं मॅडम ओट्यावर बसलेल्या, उजव्या हातानं जबडा दाबून.

"काय झालं मॅडम?"

"दाढ ठणकायलीय कालपासून. अन् पाठीत मधोमध भरून आल्यासारखं. पित्त झालंय वाटतं. ओवा खाल्ला."

मी कळशी खाली ठेवली. "मॅडम, हे तुमी बोरीच्या बायकांना काय सांगता?"

त्या माझ्याकडं बघून हसल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरीनं बरोबर उत्तर दिल्यावर हसायच्या तसं. "बरोबर हाय तुझं. पैकीच्या पैकी. सकाळी आप्पांचा नंबर हाय डॉक्टरकडं. त्यांच्यासंगंच माझीही पट्टी काढते. तूही चल, तुझीही काढू."

"सकाळी कामून? आत्ताच चला."

"आप्पांचा आत्ताच डोळा लागलाय, उठवलं तर ते घाबरतील. त्यांचं काळीज लेचंपेचं. आमचं मादीचं काळीज हाय, एक रात धरतंय दम."

"पर तुमी तिसऱ्या..." मी म्हटलं.

"सकाळी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी आप्पांना हाक मारायला फाटकापर्यंत गेले, तर मॅडमनी खिडकीतून हातानं खूण केली, नको. त्या खुणेपुढं माझं काही चालायचं नाही, कधीच चाललं नव्हतं.

सकाळी रिक्षात त्या मधे बसल्या. पूजा झाली होती, कपाळावर भस्म होतं. मी हात हातात घेतला तर तळवा ओला आणि गार. मी म्हटलं, "दुखायलंय का?" त्या आप्पांकडं डोळ्यांनी खूण करून म्हणाल्या, "दाढ गं. दाढेचं काय एवढं."

दवाखान्यात नेहमीची गर्दी. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?" मॅडमनी आप्पांकडं बोट केलं. मी पुढं झाले. म्हटलं, "आधी मॅडमची पट्टी काढा, त्यांना कालपासून त्रास हाय." मुलगी उठायलाच लागली होती. तर मॅडम म्हणाल्या, "यांचा नंबर लागलाय ना, आधी यांचं होऊ द्या. लगेच मागून माझं. एकाच खोलीत तर हाय मशीन." आवाज वर्गातलाच होता, त्यामुळं ती मुलगी बसली. आप्पा म्हणाले, "काय होतंय तुला?" "काही न्हाई. दाढ."

आतल्या खोलीत एकच कॉट. कॉटशेजारी लोखंडी स्टूल. आप्पांनी आकाशी शर्ट काढून मॅडमकडं दिला आणि बनियन वर सरकवून आडवे झाले. मी दाराशी उभी. पट्टी काढणारी तंत्रज्ञ मुलगी आमच्याच कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी निघाली. म्हणाली, "मॅडम, तुमी पण बसा की खुर्चीवर." मॅडम म्हणाल्या, "स्टूल बरंय." भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मांडीवर आप्पांच्या शर्टाची घडी घालायला लागल्या. बाही आत, मग दुसरी बाही. घडी वाकडी येत होती, कॉलर एका बाजूला सरकत होती. आप्पा मान वळवून बघायलेत आणि ती पोरगी म्हणतेय, "हलू नका आजोबा." आप्पा मला म्हणाले, "बघा मराठीबाई, अजून येत न्हाई." मॅडमनी घडीवर तळवा फिरवला, खिशापाशी दोन बोटं टेकवली. गोळी आहे का ते बघितलं. मग डोकं मागं भिंतीला टेकलं. माझ्याकडं बघून जरा हसल्या असं मला वाटलं.

मशीनमधून पट्टी बाहेर यायला लागली. पोरगी म्हणाली, "छान हाय आजोबा, एकदम छान." आप्पा उठून बसले. छातीवरचं ते चिकट जेल पुसत म्हणाले, "चला, माझी परीक्षा झाली. आता उठा मॅडम, झोपा इथं. दिवसा आडवं पडल्यानं काही होत न्हाई."

मॅडम उठल्या नाहीत.

आप्पा म्हणाले, "महानंदा, शर्ट दे."

मी धावले. खाली बसून मनगट धरलं. नाडी लागली, स्पष्ट, जोरात. मी म्हटलं, "आहे, आहे, नाडी आहे." आणि मग माझं लक्ष गेलं. मी अंगठ्यानं धरलं होतं. ती माझी होती.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. डॉक्टर आले, खाली चादर टाकली, छाती दाबली, सुया झाल्या. बराच वेळ केलं त्यांनी, मनापासून केलं. ती पोरगी कोपऱ्यात उभी राहून रडायलेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मोठा झटका होता, कालपासूनच चालू असावा. काल आल्या असत्या तर, असं काहीतरी म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं. माणूस म्हणून ते बरोबरच केलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी, मुलगा पुण्याहून पोचल्यावर, त्यांना पालखीत बसवून नेलं. भस्म, बेलाची पानं, गळ्यात फुलं, नवी साडी. आयुष्यात पहिल्यांदाच साडी इतकी नीटनेटकी. गल्लीच्या तोंडाशी करीमचाचा टोपी हातात धरून उभा होता. बोरीहून शोभा आली. पालखीजवळ गेली, मॅडमचा हात धरला आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, माझी हाय अजून. तुमी ठेवली." बाकीच्या बायकांना ती काय म्हणाली ते कळलं नाही. मला कळलं.

आप्पा आता एकटेच असतात. पट्टी दर तीन महिन्यांनी काढतात, छानच येते. दुकान मुलानं भाड्यानं देऊन टाकलं. कपडे तेच धुतात, तेच घड्या घालतात. कपाट उघडलं की एकावर एक रचलेल्या घड्या दिसतात, एक धागा इकडं-तिकडं नाही. फक्त सगळ्यात वरच्या कप्प्यात एक आकाशी शर्ट आहे. वाकडा. कॉलर एका बाजूला, एक बाही बाहेर आलेली. परवा मी डबा द्यायला गेले तेव्हा कपाट उघडंच होतं आणि माझी नजर तिथं गेली. आप्पांनी ते पाहिलं. शर्टाला हात न लावता, खिशावर नुसती दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "गोळी हाय त्यात अजून."